इस्त्रीवाल्याचं 'राहिलो'

मार्चमध्ये माझी पत्नी वारली. दिवाळीनंतर शशी आणि बापू या मित्रांनी मला गाडीत बसवलं. चिखलदऱ्याला जाताना आम्ही चौघं नेहमी अमरावतीत दिवसभर थांबायचो. चष्म्याचा स्क्रू बसवायचा, कपडे इस्त्रीला द्यायचे आणि झोपा काढायच्या. यंदा तिघंच थांबलो.

राजापेठेतला इस्त्रीवाला कपड्यांशी बोलतो. "काहून बे, कॉलर काहून मळवली?" असं शर्टाला दटावतो आणि पँटची समजूत काढतो. गिऱ्हाइकाशी मात्र जेमतेम बोलतो.

"वैनी नाही आल्या?" त्यानं विचारलं.

"ती वारली. मी राहिलो."

त्यानं इस्त्री उचलून धरली आणि तो वाट पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमी राहिले, पण काय करून राहिले?"

वऱ्हाडीत 'राहिलो' एकटं येत नाही. खाऊन राहिलो म्हणजे खातोय, झोपून राहिलो म्हणजे झोपतोय, असं काहीतरी आधी लागतं. माझं वाक्य त्याला अर्धंच वाटलं होतं. बापू फिस्सकन हसला, शशी कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसला आणि मग मलाही आवरेना.

"हसून राहिलो," मी कसंबसं म्हणालो.

"हां, असं पुरं बोला ना!" तो माझ्या शर्टाकडे वळला. "पाह्य बे, मालक हसून राहिला."

घरी आता मी एकटा असतो. कुणी 'काय चाललंय' असं विचारलं, तर वाक्य पूर्ण करतो.