नारळ दिलेलं भांडण

"वकीलसाहेब, भांडणाबद्दल दोनदा विचारलंत, साक्षीदार दोनदा नाही म्हणाला. आता पुढे चला," असं न्यायाधीश म्हणाले आणि आमच्या वकिलाने खरंच कागद उलटला. माझा मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता.

साक्षीदार म्हणजे आमचा शेजारी. धक्क्यावर कोणीतरी मागून वल्हं मारून एका खलाशाचं डोकं फोडलं होतं. खलाशाला मारणारा दिसला नाही. शेजारी म्हणत होता, "मी बघितलं, ह्याच पोराने मारलं." दुसरा साक्षीदार नव्हता. त्याच्या शब्दावर मुलगा तुरुंगात जाणार होता.

वैर होतंच. बोंबील वाळवायच्या जागेवरून शेजाऱ्याने आमच्या काठ्या उपटून फेकल्या होत्या आणि मुलाने त्याला सगळ्यांदेखत चिखलात लोळवलं होतं. पंचांनी मिटवलं. आमच्यात भांडण मिटलं की दोन्ही घरं दर्याला नारळ देतात. मग त्या भांडणाचा शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हणून मी वकिलालाही नीट सांगितलं नव्हतं. चूक माझीच.

व्हरांड्यात सगळं सांगितलं तेव्हा वकील वैतागला. "आजी, हे आता सांगता? वैर होतं म्हणणारा साक्षीदार तरी आणा." सकाळी टपरीवर हाच वकील शेजाऱ्याबरोबर चहा पीत होता. ते मी विसरले नव्हते.

भांडण मिटवणाऱ्या मोठ्या पंचांच्या घरी गेले, साक्षीला चला म्हणायला. ते जाळं सांधत बसले होते.

"वयनी, नारळ दिलाय दर्याला. मी कसा बोलू?"

"माझा पोर आत जाईल."

"मग तू बोल. तुझी जीभ कधी कुणाला घाबरली?"

त्यांची नात शेजाऱ्याच्या पुतण्याला दिली आहे, हे मात्र ते बोलले नाहीत.

पुढच्या तारखेला मीच उभी राहिले. दर्याला दिलेला शब्द मोडला, सगळं सांगितलं. सरकारी वकील उठला.

"आरोपी तुमचा कोण?"

"मुलगा."

"त्याला वाचवायला आलात?"

"व्हय. मग काय म्हावरं विकायला येऊ?"

लोक हसले. त्याने तेच फिरवून फिरवून आणखी तीनदा विचारलं. न्यायाधीशांनी त्याला एकदाही पुढे चला म्हटलं नाही.

मुलाला मी एकदाच विचारलं होतं, "तूच मारलंस?" "नाय," म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. त्याची खात्री मला आजही नाही. शेजाऱ्याने काही बघितलं, याचीही नाही.

आई मुलाच्याच बाजूने बोलणार, म्हणून माझी साक्ष धरली नाही. मुलाला दोन वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो घरी आला. खलाशी वाचला, बोटीवर जातो. शेजारी वारला. मी आहे.