सुती टी-शर्टच्या आत

काल सकाळपर्यंत ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. आईला नाही, सोबतच्या कार्यकर्त्यांना नाही, आणि जिला सर्वांत आधी कळायला हवी होती तिलाही नाही. सहा हिवाळे गेले. या सहा हिवाळ्यांत मी दुसऱ्यांच्या खोटेपणावर किती पत्रकं लिहिली?

पत्रकं आमच्या घरातलीच. वडील रेल्वेत, युनियनचे. नागपूरकडून बदलीवर रायपूरला आले आणि चौबे कॉलनीत राहून इथलेच झाले. मी वाचायला शिकलो ते मागण्यांच्या यादीवर बोट ठेवून. त्यामुळे जे पटेल ते छापायचं आणि वाटायचं, ही मला श्वासासारखी गोष्ट होती. त्यातलंच एक — 'दौड़ने में पैसा नहीं लगता'. हिंदीत, कारण रायपूरच्याच गुढियारी वस्तीत वाटायचं होतं. तिथल्या मुली पहाटे रेल्वेच्या मैदानावर पोलीस भरतीच्या धावण्याची तयारी करायच्या. मी लिहिलं की थंडीत पळायला खास कपडे लागतात हा बाजाराचा कावा आहे. एक सुती टी-शर्ट, कॅनव्हासचे बूट — पुरे. बाकी सगळी सवय.

आणि मी तसाच पळायचो, सगळ्यांच्या पुढे, डिसेंबरच्या धुक्यात अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर. आई दारातून ओरडायची, "काहून रे, स्वेटर घालाले काय होते तुले? लोकाईले दाखवाले चालला का?"

दाखवायलाच चाललो होतो. पण जे दाखवत होतो ते तरी खरं होतं का?

पत्रक वाटून आठवडा झाला नव्हता तोच मी आजारी पडलो. सुती कापड घाम पिऊन बसतं, वारा लागला की तोच घाम बर्फासारखा पाठीला चिकटतो — हे मला छातीत कफ भरल्यावर कळलं. मग मी वाचलं, शोधलं. आत घाम न धरणारं कापड, त्यावर गरज असेल तर वारा अडवणारं, थांबलं की लगेच कोरडं — एवढी साधी गोष्ट. तेव्हाच दुसरं पत्रक काढायचं होतं. 'माझं चुकलं, सुती घालू नका.' दोन ओळी. मी काय केलं? पळणाऱ्यांसाठी मिळतात तसली पातळ, बिनबाह्यांची, अंगालगत बसणारी दोन बनियनं ऑनलाइन मागवली. सुती टी-शर्टच्या आत घालू लागलो. स्वतः धुवायचो, माझ्या खोलीत टॉवेलखाली वाळवायचो — आईलाही दिसू नयेत म्हणून.

लता गुढियारीची. वडील मालधक्क्यावर हमाल, घरात बालाघाटकडची मराठी. त्या सगळ्या मुलींत ती सर्वांत वेगवान, आणि माझं पत्रक तिने सर्वांत जास्त मनावर घेतलं होतं. एका पहाटे ती हात बगलेत खुपसून माझ्यासमोर उभी राहिली.

"भैया, मले त दात वाजून राहिले. तुमाले काहीच नाही होत?"

"सवय आहे," मी म्हणालो.

"तुमी त लोखंडाचे आहा!" ती हसली. "बरं, मीबी करीन सवय."

दोन शब्द. मी गप्प बसू शकलो असतो — पण बोललो. पुढे तिच्या भिलाईच्या मामांनी पळायचे गरम कपडे आणून द्यायचं कबूल केलं, तर तिने नको म्हटलं. का, तर भैया म्हणतात लागत नाहीत. हे तिनेच मला अभिमानाने सांगितलं. मी मान डोलावली.

भरतीची धाव अंबिकापूरला होती. रायपूरच्या थंडीला थंडी समजणाऱ्यांनी जानेवारीत तिकडे जाऊन पाहावं. गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. आम्ही पाच जण गेलो, मी आणि चार मुली. लताचं वयाच्या अटीतलं ते शेवटचं वर्ष होतं. यानंतर संधी नव्हती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मुलींनी अंग गरम केलं, मी सोबत पळालो. मग धुकं विरेना म्हणून धाव पुढे ढकलली. एक तास, दोन तास. आडोसा नव्हता. लताचा टी-शर्ट घामाने भिजलेला. वरून स्वेटर चढवला, पण आत सगळं ओलं आणि गार. तिचे ओठ काळे पडले होते. ती जागच्या जागी उड्या मारत होती आणि पुटपुटत होती, "सवय आहे, सवय आहे."

माझ्या बॅगेत दुसरं बनियन होतं.

धुतलेलं, घडी घातलेलं. ताणलं जाणारं कापड, तिला सहज झालं असतं. मी चेन उघडली. हात आत घातला — कापड हाताला लागलं. ते दिलं असतं तर तिने विचारलं असतं, हे तुमच्याकडे कसं? मुलीला आपलं बनियन कसं द्यायचं, असंही मी मनाशी म्हणालो, आणि म्हणतानाच मला ठाऊक होतं की अडचण ती नाही. मी चेन लावली.

तिच्या पोटऱ्या शेवटच्या वळणावर आखडल्या. तीन सेकंदांनी राहिली. कोणी म्हणेल, कोरडं असतं तरी राहिली असती. मी म्हणत नाही.

परतताना ती म्हणाली, "माही सवय कमी पडली, भैया." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. रायपूरला आल्यावर पुन्हा पत्रक लिहिलं — मुलींना धुक्यात ताटकळत ठेवलं, आडोसा दिला नाही. प्रत्येक शब्द खरा होता. खऱ्याच्या आड लपायला किती जागा असते, हे मला त्या दिवशी कळलं. ते पत्रक लताने स्वतः वाटलं.

आता ती गुढियारीत एका गोदामात पोती शिवते. काल सकाळी तिथे गेलो आणि सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याच क्रमाने. सुई तिच्या हातातच होती.

"बॅगेतलं होतं ते," तिने विचारलं, "कोरडं होतं?"

"हो."

"पूर्ण कोरडं?"

"हो."

मग तिने पुढचं पोतं ओढलं आणि त्याचं तोंड शिवायला लागली.