साराजेव्होतला मुलगा आणि शेजारच्या टेबलावरचा

सौदीतल्या दम्मामच्या त्या दुपारी मला आजही अर्धवट झोपेतल्यासारख्या आठवतात. खिडकीबाहेर धुळीने पिवळं पडलेलं आभाळ, एसीची घरघर, आणि जमिनीवर पालथी पडून पहिल्या महायुद्धाचा धडा वाचणारी माझी दहावीतली मुलगी. साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची मोटार भलत्याच रस्त्याला वळते, ड्रायव्हर ब्रेक दाबतो, आणि नेमका तिथेच पिस्तूल घेतलेला, देशप्रेमाने पेटलेला पोरगा उभा असतो. दोन गोळ्या सुटतात. पाहता पाहता अर्धी दुनिया युद्धात उतरते.

"अब्बा, ही वॉज जस्ट नाइन्टीन," ती म्हणाली. तिला त्याची कीव येत होती. मला मात्र ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा पोरगा आठवला.

परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं नेमायचा सरकारी हुकूम होता. बंदरातून माल सोडवायचं माझं काम शिकायला कंपनीने एक कोवळा सौदी तरुण माझ्या शेजारी बसवला होता. तो तयार झाला की मी खलास. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, सामान बांधा, दापोलीला चला. आणि मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. म्हणून मी आम्हा परदेशी लोकांची जुनी युक्ती केली. शिकवायचं, पण एक पायरी गाळून. कागद कसे लावायचे ते सांगितलं. माल अडला की आधी कस्टमच्या कुठल्या खिडकीवर जायचं, ते गिळून टाकलं. तो मला उस्ताद म्हणायचा, घरचे खजूर आणायचा. मला त्याच्या पांढऱ्याशुभ्र झग्याच्या खिशात पिस्तूल दिसायचं. लिहितानाही लाज वाटते.

डिसेंबरात साहेबांनी दोघांना बोलावलं आणि त्याला विचारलं, एकट्याने जमेल का? माझ्याकडे न बघता तो म्हणाला की अजून बरंच शिकायचं राहिलंय, मार्चअखेरपर्यंत उस्ताद लागतील.

बाहेर आल्यावर मी आभार मानायला त्याच्याकडे वळलो. तेवढ्यात तोच मोडक्यातोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, "उस्ताद, ती खिडकी मी महिन्यापूर्वीच शोधली. मुलीच्या परीक्षेचं तर तुम्ही रोजच बोलता."

त्या दुपारी मी त्याला बंदरावर नेलं आणि गाळलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याला ते येत होतं. तरी तो मान खाली घालून एकेक शब्द वहीत उतरवून घेत राहिला.