भुंगेऱ्यांची हजेरी

आमच्या सरांचे किस्से सांगायला बसलं की चहा दोनदा गार होतो. एक संपवावा तर त्याच्या पोटातून दुसरा निघतो! साठ सालानंतरची गोष्ट. मी कराडच्या कॉलेजात होतो आणि प्राणिशास्त्राचे सर आम्हाला दर रविवारी पाटणच्या वरच्या रानात किडे मोजायला न्यायचे.

सरांचं म्हणणं एकच. "रानाची तब्येत झाडाला विचारू नका, पायाखालच्या किड्याला विचारा!"

दुधाच्या पावडरचे रिकामे डबे जमिनीत काठापर्यंत पुरायचे, रात्री आत पडलेले भुंगेरे आणि मुंगळे सकाळी मोजायचे. अर्धे डबे दाट रानात, अर्धे शेजारच्या झाडं तोडलेल्या माळावर. आता त्या रानावरही कुऱ्हाड येणार होती. जंगलखात्याच्या रेंजरसाहेबांनी रान आणि माळ यांच्या आकड्यांतला फरक बघून आमच्या वहीत सही केली, तरच ती थांबणार होती. सरांची झोप त्या एका सहीपायी उडाली होती.

* * *

डबे राखायला गावातले सुभेदार तात्या होते, फौजेतून पेन्शनीत आलेले. त्यांनी दोरी लावून एका रेषेत डबे पुरले आणि गावात सांगून टाकलं, "सुरुंग पेरल्यात, कुनी फिरकू नगा!"

सर चिडले. तात्या म्हणाले, "एक तरी डबा हाललाय का, सर?"

हलला नव्हता!

* * *

एकदा परतताना एस.टी.त पकडलेल्या भुंगेऱ्यांच्या डब्याचं झाकण उडालं. कराडपर्यंत अख्खी गाडी बाकांवर चढून उभी! एका आजीनं मात्र भुंगेरा तळहातावर घेतला. "ह्ये आमच्या लहानपनी लय असायचं. रान गेलं, तवापास्नं दिसलंच न्हाई."

सर इतके खूश झाले की तिच्याशेजारी बसून सगळं शास्त्र समजावलं. शेवटी आजीच म्हणाली, "आवं मास्तर, माझं गाव मागं ऱ्हायलं की!"

* * *

मग रेंजरसाहेब यायचे ठरले. आम्ही पोचलो तर सगळे डबे राखेनं घासून लखलखीत, आणि रानातल्यासारखेच माळावरचेही भुंगेऱ्यांनी काठोकाठ भरलेले!

"तात्या, हे कुठले?"

"माज्या उकिरड्यातलं. इन्स्पेक्शनला रिकामी जागा दावत्यात व्हय? पलटनीची अब्रू जाती!"

साहेब आल्यावर सरांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं आणि डबे उपडे करून पुन्हा पुरले. "ठीक आहे," साहेब म्हणाले, "उद्या सकाळी मी स्वतः बघतो."

* * *

सकाळी रानातले डबे नुसते वळवळत होते. तात्यांनी मोठ्यानं मोजत वहीत नोंद केली. मग माळावर आलो. पहिला डबा रिकामा. दुसरा रिकामा. साहेब वाकून तिसऱ्यात बघत पुढं सरकले, आणि त्यांचा पाय चौथ्या डब्यात! आम्ही तिघांनी ओढलं तेव्हा पाय निघाला, बूट आतच राहिला.

सरांचा चेहरा पांढराफटक. तात्या मात्र ताठ उभे राहून वहीत लिहीत होते.

एका बुटावर उभ्या साहेबांनी वही मागितली.

"रान: भुंगेरे एकशे सात, मुंगळे बेसुमार. माळ: रेंजरसाहेब, एक."

साहेबांनी ते दोनदा वाचलं, डब्यातल्या बुटाकडं बघितलं आणि पेन मागितलं.