डॉनच्या रक्तातली काकवी

पळसदेवच्या दत्तोबांनी आयुष्यभर दोन गोष्टी जपल्या: काकवी आणि एक गुपित. काकवी दरसाल संपायची. गुपित मात्र चाळीस वर्षं बरणीत तसंच.

‘गोदी नंबर अकरा’ हा सिनेमा पाहिलेल्यांना अजून वाटतं, तो समुद्र मुंबईचा. तो उजनी धरणाचा. स्मगलरांच्या लाँचा म्हणजे गावातल्या मासेमारीच्या होड्या, आणि सोन्याच्या पेट्यांत वजनाला गुळाच्या ढेपा. त्या ढेपा दत्तोबांच्या हातच्या. गुऱ्हाळावर गूळ रांधणारा गुळव्या म्हणून त्यांचं नाव इंदापूरपर्यंत होतं. शूटिंग चाललं तो महिनाभर गावात कुणी धड कामाला गेलं नाही. म्हाताऱ्यांनीसुद्धा गुंड व्हायला दाढ्या वाढवल्या.

शेवटच्या दिवशी, डॉन मरायच्या ऐन वेळी, नकली रक्ताचा कॅन गळून रिकामा झालेला सापडला.

“काकवी हाय की,” दत्तोबा म्हणाले.

रंगाला कुंकू मागितलं, तर कुशाबाई नवऱ्यावर उखडल्या. “मड्याला कुंकू? तेबी माझ्या करंड्यातलं?” मग सोसायटीच्या निवडणुकीतला उरलेला गुलाल आला. मेकअपवाला म्हणाला, थोडं रॉकेल टाका, नाहीतर मुंगळे लागतील.

दत्तोबा फुरंगटले. “माझ्या काकवीत भेसळ व्हायची न्हाय. मग तुमचा डॉन जगला तरी चालंल.”

डॉन झालेला इंद्रजित वाळूत आडवा झाला. रीळ एकाच टेकपुरतं उरलेलं. कॅमेरा सुरू झाला आणि मुंगळ्यांची रांग त्याच्या कॉलरमधून आत शिरली. इंद्रजित हलला नाही. अगदी शेवटी त्याचा उजवा हात तीनदा पाण्याकडे उचलला गेला आणि पडला. दिग्दर्शक रडला. म्हणाला, समुद्राची क्षमा मागितलीस रे.

कुशाबाई त्याच्या मानेला खोबरेल लावत होत्या, तेव्हा इंद्रजित हळूच म्हणाला, “दत्तोबा, मुंगळ्यांचं आपल्यातच राहू द्या. या हातावर माझं घर चालेल असं दिसतंय.”

चाललंही. तीस वर्षं.

यंदा बारामतीत त्या सिनेमाचा खास खेळ ठेवला. दत्तोबांची नात छकुली तिथल्याच कॉलेजात. ‘रक्त आमच्या आबांनी केलं’ म्हणाली, तर वर्ग हसला. नामावळीत आबांचं नावच नाही. तिनं धडपड करून त्यांना स्टेजवर बोलावणं मिळवलं.

“आबा, तुमी कायतरी दाबून ठिवलंय. आज सांगाच. न्हायतर मी खोटारडी ठरंन.”

दत्तोबांनी विचार केला. इंद्रजित जाऊन दोन वर्षं झाली. शब्द दिला तो माणूसच नाही, तर शब्द तरी कुणासाठी धरायचा? पुराव्याला काकवीची बाटली पिशवीत टाकून ते कुशाबाईंना घेऊन निघाले.

खेळ संपला. एका प्राध्यापकांनी त्या हातावर दहा मिनिटं भाषण केलं आणि पहिल्या रांगेतल्या स्वरदाची, इंद्रजितच्या मुलीची, ओळख करून दिली. ती डोळे पुसत होती. मग माईक दत्तोबांपुढं आला.

“रगत मी केलं. काकवी आन गुलाल.” सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. छकुली ताठ बसली.

“आणि तो हात?” प्राध्यापकांनी विचारलं.

दत्तोबांनी पिशवी चाचपली. स्वरदाकडं पाहिलं.

“हाताचं मला इचारू नका, गुरुजी. बाकीचं अंग त्या मानसानं किती येळ हलू दिलं न्हाय, ते मी बघितलंय. तसला धीर मी पुन्यांदा बघितला न्हाय.”

कुणाला फारसं कळलं नाही, पण टाळ्या मघापेक्षा मोठ्या पडल्या.

नंतर स्वरदा पाया पडायला आली. दत्तोबांनी बाटली तिच्या हातात दिली. ती हसली.

“बाबांनी घरात काकवी कधी येऊच दिली नाही. कारण विचारलं की नुसती मान खाजवायचे.”

कुशाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

“घिऊन जा,” दत्तोबा म्हणाले. “पर झाकण घट्ट लाव, पोरी.”