पितांबर पंच आणि मेहरूणची बोरं

पितांबरच्या हाताचं ग्रीस कधी गेलं नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा त्याची नखं काळी आहेत. जळगावात पोलीस ठाण्याच्या अगदी समोर, लिंबाखाली, त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लोखंडी पेटी, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि तासावर भाड्याने द्यायच्या चार खिळखिळ्या सायकली. माणूस पारोळ्याकडचा. हाडकुळा, लाजाळू, कुणी जरा दरडावलं की आधी "हो" म्हणणारा. असा माणूस ठाण्यासमोर बसला तर त्याचं जे व्हायचं तेच झालं. तो पंच झाला.

पोलिसांनी काही जप्त केलं, तर त्या वेळी दोन त्रयस्थ माणसं हजर लागतात. त्यांच्यादेखत पंचनामा लिहायचा आणि खाली त्यांच्या सह्या घ्यायच्या. कायदा झकास आहे. पण शहाणीसुरती माणसं खाकी दिसली की रस्ता बदलतात, मग पंच आणायचे कुठून? हवालदार ठाण्याच्या पायरीवरून हाक मारी, "पितांबर, ये रे, सही कर." हा उठे, हात लेंग्याला पुसे, सही करून येई आणि अर्धवट राहिलेलं पंक्चर काढायला बसे. चाकू, सट्ट्याच्या चिठ्ठ्या, हातभट्टीच्या ट्यूबा, चोरीची भांडी, सगळं त्याच्या 'समक्ष' जप्त झालेलं होतं. जप्त होताना त्याने त्यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं.

मी कोर्टात नोकरीला होतो. साक्षीदाराला शपथ देणं आणि कागद न्यायाधीशांपुढे ठेवणं, हे माझं काम. पितांबरची सही मला न वाचता ओळखू यायची, कारण तिच्या शेजारी काळ्या अंगठ्याचा डाग असायचाच. पिंजऱ्यात उभा राहून तो तीन वाक्यं बोलायचा. "मला पोलिसांनी बोलावले. माझ्यासमक्ष जप्त केले. सही माझी आहे." चेहरा भिंतीसारखा. मी मनातल्या मनात हसायचो. हा मठ्ठ आहे असं माझं मत होतं, आणि माणसांबद्दलची माझी मतं मी फार तपासून घेत नसे.

सत्त्याऐंशी साली लेकीच्या हट्टापायी मी रंगीत टीव्ही घेतला. गुरुवारी संध्याकाळी एक गुन्ह्यांची मालिका लागायची. गल्ली माझ्या ओसरीत जमायची. पितांबर माझ्या मागच्याच चाळीत राहायचा, तोही येऊन दाराशी उकिडवा बसे. त्या मालिकेतला गुप्तहेर मोठा रुबाबदार. लांब कोट, उंच कॉलर, जिथे जाईल तिथे धुकं. आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, पण आम्हाला ते धुकं फार आवडायचं.

एका गुरुवारी पडद्यावर एका बाईचं प्रेत दाखवलं. केस मोकळे, ओठांना लाली. दाराशी बसलेला पितांबर हळूच मला म्हणाला, "नाना, एक बी माशी नही."

ओसरी खो खो हसली. मला वाटलं, हे तर भलतंच गमतीचं आहे. मी त्याला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "बोल अजून." मग दर गुरुवारी त्याला बोलतं करणं हा आमचा खेळच झाला. गुप्तहेराने पिस्तूल पांढऱ्याशुभ्र रुमालात धरलं की हा म्हणे, "आपला हवालदार पेपरमा गुंडाळस. सीलनी लाख नही म्हनीसन पोस्टातून मांगी आनस." गुन्हेगार थरथर कापत कबुली देऊ लागला की हा मान हलवी. "आसं कोनी करत नही नाना. ज्यानी मारं त्याले भूक लागस."

लोक पोट धरून हसत. मीही हसे. तो खरं बोलतोय हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं, आणि हसू त्याचंच येत होतं. चहा मात्र त्याला फुटक्या कानाच्या कपातून देत असू.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत गावाबाहेर मेहरूणला खून झाला. पुना नावाचा तरणाताठा मुलगा तलावाकडच्या एका केळीच्या बागेत राखण करायचा. एका वीटभट्टीवाल्याच्या मगन नावाच्या पोराला त्याने घड कापताना पकडलं आणि चारचौघांत हटकलं. तिसऱ्या दिवशी पुना पाटाच्या कडेला सापडला, मानेवर कुऱ्हाडीचा घाव. पाहिलेलं कुणी नव्हतं. पुनाची आई पार्वताबाई विधवा, दारोदार फिरून भाजी विकणारी. तीही पारोळ्याकडची, पितांबरच्याच गावची. तो तिला अक्का म्हणे.

मगनला धरला. कुऱ्हाड लपवली आहे ती जागा दाखवतो, असं तो म्हणाला. नेहमीप्रमाणे पायरीवरून हाक आली. पण या खेपेला सही करून सुटका नव्हती. पितांबरला जीपमध्ये घालून मेहरूणला नेलं आणि मगनने त्याच्या डोळ्यांदेखत कडब्याच्या गंजीतून रक्ताळलेली कुऱ्हाड काढून दिली. जन्मात पहिल्यांदा पितांबरने पाहिलं आणि मग सही केली.

ती सही मी नंतर पाहिली. तिच्याजवळ डाग नाही. दुकानापासून लांब, वावरात, हातावरचं ग्रीस वाळल्यावर केलेली ती त्याची एकुलती एक सही असेल. हे फक्त मला कळण्यासारखं होतं, आणि मला कुणी विचारलं नाही.

खटला पुढच्या वर्षी दिवाळीनंतर उभा राहिला. दुसरा पंच आधीच फितूर झाला होता. मला काही आठवत नाही म्हणून मोकळा झाला. आता सगळं पितांबरवर येऊन थांबलं. कुऱ्हाड मगननेच काढली हे त्याच्या साक्षीत टिकलं तर मगन आत, नाहीतर मगन घरी. पार्वताबाई रोज त्याच्या दुकानासमोर टोपली उतरवून बसायची. फक्त बसायची.

साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. कोर्टातल्या माणसाने साक्षीदाराशी असं बोलायचं नसतं. मी बोललो. माझ्यातला शहाणपणा नेहमीच उतू जायचा.

"नाना," तो म्हणाला, "जसं व्हयनं तसं सांगू ना?"

"कसं झालं होतं?"

त्याने सांगितलं. जीप बांधापर्यंतच गेली. पुढे सगळे पायी. वाटेत बोरीचं झाड लागलं. मगन थांबला, बेडी घातलेल्या हातांनी त्याने बोरं वेचली आणि खाऊ लागला. हवालदारही थांबला, विडी ओढायला. मगनने दोन बोरं पितांबरपुढे धरली. हे सांगताना पितांबरने मान खाली घातली. "मी ली लिधी नाना. माले नही म्हनता उनं नही. खाई बी टाकी." मग मगनने गंजी दाखवली, हात घातला, कुऱ्हाड काढली आणि हवालदाराला म्हणाला, "आते जेवाले सोडशात ना?"

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

मला संताप आला. पार्वताबाईच्या पोराचा खून, आणि हा बोरांची गोष्ट सांगतोय. मी म्हणालो, "अरे गाढवा, खुनी बोरं खातो का? कोर्ट हसेल तुला. आणि खुन्याच्या हातचं तूही खाल्लंस म्हणून वर सांगणार? ते बोरांचं गाळ. कुठे थांबलो नाही, सरळ गेलो म्हण. आणि जरा जीव ओतून बोल. त्याचे हात कापत होते, घाम फुटला होता, नजर खाली होती, असं काहीतरी. तुझी ती तीन वाक्यं ऐकून जजसाहेबांना झोप येते."

"पन हात कापत नव्हतात नाना."

"कापायला पाहिजे होते ना? मग झालं."

त्याने बंद टीव्हीकडे पाहिलं. मग "हो" म्हणाला. दरडावलं की तो हो म्हणायचा, हे मी आधीच सांगितलं आहे.

दुसऱ्या दिवशी "खरे सांगेन, खोटे सांगणार नाही" ही शपथ मीच त्याला दिली. त्याने हात घासूनघासून धुतले होते. आणि मग तो जे बोलला ते ऐकून मी खूश झालो, खोटं कशाला सांगू. आरोपीचे हात थरथर कापत होते. कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या. कुऱ्हाड हातात घेताच आरोपी गुडघ्यावर कोसळला आणि "मला क्षमा करा" म्हणून रडला. पितांबरने स्वतःचे हातसुद्धा थरथरवून दाखवले. प्रेक्षकांच्या बाकावर पार्वताबाई पदराने डोळे पुसत होती.

आरोपीचे वकील अभयकुमार उठले. शांत माणूस, आवाज कधी चढवत नसत.

"पितांबरराव, वाटेत कुठे थांबलात?"

"नाही साहेब. सरळ गेलो."

"कुठेच नाही? एक मिनिटसुद्धा?"

पितांबरने माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळण्यात गर्क झालो.

"नाही साहेब."

"साहेबांनी पंचनाम्याचं दुसरं पान पाहावं," अभयकुमार म्हणाले.

पान काढून द्यायचं काम माझं. काढताना मी ते पहिल्यांदा वाचलं. हवालदाराने आपल्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं, 'वाटेत बोरीच्या झाडाखाली आरोपीच्या विनंतीवरून पाच मिनिटे थांबलो. आरोपीने बोरे खाल्ली. पंचांनाही दिली.' त्या बापड्याला रंगवून लिहिता येत नव्हतं. त्याने जसं झालं तसं लिहून ठेवलं होतं. पितांबरने आदल्या संध्याकाळी मला जे सांगितलं, ते शब्दाला शब्द त्या कागदावर होतं. पावणेदोन वर्षांनी, कागद न बघता, त्याने तेच सांगितलं असतं तर अभयकुमारांना खाली बसावं लागलं असतं. बोरं खाल्ल्याचं खोटं कोण रचतो?

पान साहेबांपुढे ठेवताना माझे हात कापत होते. खरोखरचे.

अभयकुमारांनी पंचनामा वाचून दाखवला. त्यात थरथर नव्हती, घाम नव्हता, गुडघे नव्हते. मग त्यांनी विचारलं, "टीव्ही पाहता का?"

"हो साहेब. नानांच्या घरी." साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी आरोपपत्राच्या दोरीची गाठ सोडवत होतो.

"असा गुडघ्यावर कोसळणारा आरोपी त्यात पाहिला असेल?"

कोर्ट हसलं. पहिला हसला तो मगन. मग अभयकुमारांनी एक यादी काढली. सहा वर्षांत पितांबर एक्केचाळीस खटल्यांत पंच होता. "म्हणजे पोलिसांचा ठेवणीतला पंच," ते म्हणाले आणि बसले.

पितांबर पिंजऱ्याचा कठडा धरून उभा राहिला. अचानक तो आपल्या बोलीत ओरडला, "साहेब, बोरं खादी व्हतीत! मी बी खादी! खरं सांगस!" पण तोवर त्याचं खरं कुणाच्या कामाचं उरलं नव्हतं. साहेबांनी त्याला खाली उतरायला सांगितलं. पंधरा दिवसांनी मगन सुटला. निकालपत्रात पितांबरबद्दल 'पूर्णतः अविश्वसनीय' असे शब्द होते.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यावर पार्वताबाईने त्याला गाठलं. मी वरच्या पायरीवर होतो.

"पितांबर, तू देखं व्हतं ना रे?"

"देखं व्हतं अक्का."

"मंग जे देखं ते का बरं नही सांगं?"

त्याने वर बघितलं. माझं नाव घेतलं असतं तर माझी नोकरी गेली असती. त्याने घेतलं नाही. "चुकी गयं अक्का," एवढंच म्हणाला. ती त्याच्या पायांपुढे थुंकली आणि टोपली उचलून गेली. मी जिना उतरलो नाही, आत जाऊन पाणी प्यालो.

ठाण्यातून हाका येणं बंद झालं. कोर्टाने खोटा ठरवलेला पंच कुणाला हवा? माझ्या ओसरीत तो पुन्हा आला नाही. गुरुवारी लोक विचारायचे, "पितांबर कुठंय? मजा यायची." मी म्हणायचो, बघू.

पुढच्या जानेवारीत माझ्या सायकलची हवा गेली म्हणून नाइलाजाने त्याच्या दुकानाशी उतरलो. पितांबर घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. तेवढ्यात मगन आला, बरोबर दोन दोस्त. हा त्याचा रोजचा रिवाज होता असं नंतर कळलं.

"पंच, ते हात कापनारं दखाड ना," मगन म्हणाला.

पितांबरने ट्यूब खाली ठेवली. ओले, काळे हात पुढे केले आणि थरथरवून दाखवले. दोस्त हसले. मगनने खिशातून मूठभर बोरं काढून पेटीवर ओतली, "ले, खाय." पितांबरने एक उचलून तोंडात टाकलं.

मगनने मग माझ्याकडे पाहिलं, कोर्टातला माणूस म्हणून ओळखलं आणि अदबीने हात पुढे केला. "घ्या ना नाना. मेहरूणनी शेतस."

मला नाही म्हणता आलं नाही. घेतलं, आणि तिघे बघत होते म्हणून खाल्लंही. बोर साखरेसारखं गोड होतं. ते तिघे हसत रस्ता ओलांडून गेले. पितांबरने पंप लावला, माझ्या चाकात हवा भरली आणि वर न बघता विचारलं, "आते पटनं ना नाना, खुनी बोरं खास ते?"

बी माझ्या तोंडातच होतं. ते कुठे थुंकावं हे मला कळेना.