काळनाथ अण्णांचं शेवटचं प्रकरण

छापखान्यात शिशाचे खिळे झिजतात, पण किस्से मात्र दर वेळी सांगताना जाडच होत जातात! शाहूपुरीतल्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो, तेव्हापासूनचे इतके साठलेत की बायको म्हणते, "रद्दीत घाला." पण काळनाथ अण्णांचे किस्से रद्दीत? छे!

काळनाथ म्हणजे सत्तरच्या दशकातले आमचे भयकथांचे बादशहा. त्यांची कादंबरी वाचून गारगोटी गावची माणसं अंधार पडल्यावर परसाकडं जायची बंद झाली होती! काळनाथ हे टोपणनाव. खरं नाव ते कुणाला सांगायचे नाहीत. कपाळभर विभूती. आम्ही ती जाहिरात समजायचो.

*

एकदा भर दुपारी छापखान्यातले दिवे गेले. अण्णांनी आमचा खिळे जुळवणारा कंपोझिटर दस्तगीर याचा दंड गच्च धरला.

"अण्णा, भुतं तर तुमचीच हायती की!"

"म्हणून तर भ्यातोय! माझी भुतं लई वंगाळ!"

*

अण्णा एकेक प्रकरण आणून द्यायचे, शेवट मात्र पोटात. चेटकिणीच्या कादंबरीची आमच्या मालकांनी, बापूसाहेबांनी, जाहिरात ठोकली, "शेवट वाचून झोप उडेल!" सगळं छापून तयार, फक्त शेवटचं प्रकरण नाही. झोप उडाली ती बापूसाहेबांचीच! पेठ वडगावचे पुस्तकांचे दुकानदार येऊन दारात बसायला लागले.

"अण्णा, शेवटचं प्रकरण?"

"डोक्यात हाय. शनवारी येतो, बसून सांगतो."

*

आणि शुक्रवारी अण्णा गेले! आक्का, म्हणजे त्यांची बायको, देवळातून आल्या तर दार आतून बंद. फोडलं. अण्णा खुर्चीत ताठ, समोर आक्कांनी जाताना करून दिलेला, न प्यालेला चहा, चेहऱ्यावर हसू! डॉक्टर म्हणाले, हृदय. गल्ली म्हणाली, चेटकिणीनं नेला.

दस्तगीर उखडला, "ती कशाला मारंल? सोताच्या पोटावर पाय आणंल व्हय?"

*

शनिवारी सकाळी हार घेऊन आम्ही पंचगंगेच्या स्मशानात. थांबलो, थांबलो, प्रेतच येईना! तोवर गावभर बोंब, "काळनाथांचं मढं गायब!"

शेवटी तिथला माणूस म्हणाला, "पावणं, लिंगायत माणूस हिकडं कशाला येतोय? त्यास्नी पुरत्यात. ते बी बसवून!"

तेव्हा कुठं त्या विभूतीचा अर्थ कळला! अण्णांच्या घराकडं धावत सुटलो. कोपऱ्यावर वळतोय तर समोरून वाजतगाजत, फुलांच्या मखरात मांडी घालून, ताठ बसून अण्णा येताहेत! बापूसाहेबांचे हात आपोआप जोडले गेले आणि तोंडातून सवयीनं निघालं,

"अण्णा, शेवटचं प्रकरण?"

एक खांदेकरी मखर सोडून पळाला!

*

अण्णांना खड्ड्यात बसवलं. सगळ्यांनी मूठमूठ माती दिली. दस्तगीर वाकला तो उठेचना. आम्हाला वाटलं, रडतोय.

सोमवारी त्यानं ओली मुद्रितं पुढ्यात ठेवली. शेवटचं प्रकरण! ताडून बघायला मी हस्तलिखित मागितलं.

"न्हाय. थेट खिळं जुळवलं."

"कुणी सांगितलं तुला?"

"शनवारी बसून सांगतो म्हणालं नव्हतं? सांगितलं की!"

"थापा मारतोस!" बापूसाहेब ओरडले. "खोटा शेवट छापला तर लोक छापखाना जाळतील माझा!"

मुद्रितं घेऊन तिघं आक्कांकडे गेलो. आक्का वाचत होत्या. चेटकीण नवऱ्याला शिवी देते, तिथं थांबल्या.

"ही शिवी मी फकस्त ह्यास्नी देत होते. दार लावून."

बापूसाहेबांनी खिशातलं पेन काढून मुद्रितांवर 'छापा' लिहिलं. आक्कांनी पदर सावरला, हळूच दस्तगीरला विचारलं,

"चहाचं काय बोललं का रं? तसाच ऱ्हायला त्यो."

"साखर घालाय इसरली म्हणालं, आक्का."